मदत हवी आहे: ग्लेझ्ड टेराकोटाची नक्षी कशी जुळवू?

राजेहो, माइनक्राफ्ट या ब्लॉक रचायच्या गेममध्ये आमच्या यवतमाळकडचं धाब्याचं घर बांधतोय (मोबाइलवर, लाइन असते तेव्हा). भिंतींना साधा टेराकोटा (भाजक्या मातीचा ब्लॉक) मस्त शोभला. अडलं ते ओसरीच्या फरशीवर. रंगवलेला टेराकोटा भट्टीत भाजला की ग्लेझ्ड, म्हणजे चकचकीत नक्षीचा, होतो, आणि ठेवताना आपलं तोंड जिकडं, तशी नक्षी फिरते, एवढं समजलं. आता दोन बाय दोनमध्ये मधोमध पूर्ण नक्षी यायला कोणत्या क्रमानं कुठं तोंड करून उभं राहायचं? क्रम 16 रंगांचा सारखाच की वेगवेगळा? मन पांढऱ्यावर आहे. जांभळा ओसरीत नकोच बाप्पा. आणि ठेवलेला ब्लॉक न फोडता जागीच फिरवता येतो का? ओसरी लय लांब आहे भाऊ.