युनिबस: एकच बस म्हणजे शहाणपणा की काटकसर?

जुना_सोल्डर
"सिंगल बस स्वस्त पण हळू, मल्टिपल बस महाग पण वेगवान." (बस म्हणजे संगणकाच्या भागांमध्ये माहिती नेणारी सामाईक वाट.) परीक्षेत एवढं खरडलं की मार्क मिळतात, म्हणून पुढे कुणी विचारच करत नाही. डीईसी कंपनीचा १९७० चा पीडीपी-११ संगणक बघा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, टर्मिनल सगळे एकाच बसवर, तिचं नाव युनिबस. डिव्हाइसच्या रजिस्टरांनाही (आकडे ठेवायच्या छोट्या जागांनाही) मेमरीसारखेच पत्ते, त्यामुळे इनपुट-आउटपुटसाठी वेगळ्या सूचना लागतच नाहीत. साधी मूव्ह, म्हणजे आकडा इकडून तिकडे नेणारी सूचना, चालते. बस असिंक्रोनस, ठरलेल्या तालाऐवजी समोरच्याच्या उत्तराची वाट बघणारी, म्हणून हळू आणि जलद मेमरी एकाच मशीनमध्ये सुखाने नांदते. उगाच चार बस ओढायच्या म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

कावेरी_११
मग १९७५ चंही सांगा की! त्याच कंपनीच्या पीडीपी-११/७० मध्ये मेमरीला स्वतंत्र ३२ बिटांची वाट, मध्ये कॅश ही छोटी जलद मेमरी, जलद डिस्कांना मासबस नावाची वेगळी बस. युनिबसचा पत्ता १८ बिटांचा, म्हणजे २५६ केबी, त्यातले वरचे ८ केबी डिव्हाइसना. ११/७० ने पत्ता २२ बिटांवर नेला, ४ एमबीपर्यंत. डिस्क बस अडवून बसली की प्रोसेसरने सूचनेची वाट बघत ताटकळायचं, याला तुम्ही शहाणपणा म्हणता?

जुना_सोल्डर
युनिबस काढून टाकली नाही ना पण? जुनी कार्डं तिथेही चाललीच.

सायकल_मोजणी
तुम्ही दोघं प्रोसेसरबाहेरच्या बसवर भांडताय. परीक्षेतला प्रश्न बहुधा आतल्या बसचा असतो. आर१ आणि आर२ या प्रोसेसरच्या रजिस्टरांची बेरीज आर३ मध्ये ठेवायची आहे. आत एकच बस असेल तर आधी आर१ तात्पुरत्या वाय रजिस्टरमध्ये, मग आर२ बसवर आणून बेरीज झेडमध्ये, मग झेडमधून आर३ मध्ये. तीन पायऱ्या. तीन बस असतील तर एकच पायरी. मात्र रजिस्टर फाइलमधून, म्हणजे रजिस्टरांच्या गटातून, एका वेळी दोन आकडे वाचता आले पाहिजेत. म्हणून प्रोग्रॅम तिप्पट पळेल असं मात्र समजू नका. सूचना मेमरीतून आणायला लागणारा वेळ तसाच राहतो.

जुना_सोल्डर
आतल्या तीन मान्य. बाहेर वेगळ्या बस हा श्रीमंतांचा शौक.

कावेरी_११
आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डवरची आठ बिटांची एव्हीआर चिप घ्या. प्रोग्रॅमची बस वेगळी, डेटाची वेगळी. एक सूचना चालू असताना पुढची आणली जाते. पोरं खेळण्यातल्या गाड्यांत लावतात ती.