मदत हवी आहे: कोळणींच्या सर्व्हेची प्रश्नावली

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) प्रोजेक्टसाठी माहीम आणि दादरच्या बाजारात मासे विकणाऱ्या मावश्यांचा सर्व्हे करायचाय. गाईड म्हणतात लिकर्टची पाच पर्यायांची स्केल घे ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी, १९३२ पासून चालत आलीय ती), पण पापलेट कापता कापता 'काही अंशी सहमत' कोण सांगणार, मावशी सरळ म्हणतात, हो का नाय ते इचार! कमाईचं तर त्याहून अवघड, महिन्याची विचारली की गप्प, कालचा गल्ला किती झाला विचारलं की पटकन सांगतात, पण जून-जुलैत मासेमारी बंद, श्रावणात गिऱ्हाईक कमी, मग एका दिवसावरून वर्षाचा अंदाज कसा बांधायचा? सीझनप्रमाणे वेगळे प्रश्न घालू का? आणि कमाईचा प्रश्न शेवटीच ठेवू ना? पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, साधारण किती जणींवर घेतात? कोणी असं फील्डवर्क केलं असेल तर प्लीज सांगा.