टँडमची (दोघांनी चालवायची सायकल) पुढची चेन डावीकडे की उजवीकडे?

मावसभावाला दिसत नाही, त्याला मागे बसवून खडकवासल्यापर्यंत न्यायचंय म्हणून वेल्डरकडून दोन जुन्या एमटीबीच्या (माउंटन बाइक) फ्रेम जोडून घेतल्या. विकतच्या टँडमला पुढची चेन, म्हणजे दोघांची पॅडलं जोडणारी, डावीकडे असते ना, तर मी साधा उजवा क्रँकच (पॅडलचा दांडा, दातेरी चक्रासकट) उलटा करून डावीकडे लावला तर चालेल का? टँडमचा सेट फार महाग पडतोय.

गंजकाची साखळी: नको रे बाबा. उजव्या क्रँकला सरळ आटे, डाव्याला उलटे, ते काय उगाच नाहीत. सरळ आट्यांचं पॅडल डावीकडे लावलंस की चालवता चालवता आपोआप ढिलं होत जातं. मी केलाय हा शहाणपणा, लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावून. कात्रजच्या चढाला पॅडल बुटाखाली लोंबायला लागलं, क्रँकचे आटे गेले ते गेलेच.

तीनदा_पंक्चर: दोन्ही चेन उजवीकडेच घे की. मागे दोन चक्रांचा साधा क्रँक, बाहेरच्या चक्रावर पुढची चेन, आतल्यावरून मागच्या चाकाची. पुढे एकच चक्र, पण मागच्या बाहेरच्या चक्राच्या अगदी सरळ रेषेत, आणि दात सारखेच, ३८ ला ३८, नाहीतर दोघांचे पाय कधी जुळायचेच नाहीत. दोन बीबीत (क्रँक ज्यावर फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग) अंतर किती आहे?

प्रश्नवाला: ७० सेमी, आत्ता टेपनं मोजलं.

तीनदा_पंक्चर: मग साधारण १४८ कड्या लागतील, नवीन चेन ११६ ची येते म्हणजे दोन घेऊन जोडाव्या लागणार. ताण द्यायला पुढे एक्सेंट्रिक बीबी (फिरवून पुढे-मागे सरकवता येते ती) नसेल तर चेनच्या खालच्या बाजूला रोलर लाव, ताण वरच्या बाजूला येतो, खालची ढिली असते.

गंजकाची साखळी: मग कंपन्या डावीकडे का देतात तर मागे उजवीकडची तिन्ही चक्रं गिअरला मोकळी राहतात. तुझी एक चेनमध्ये गेली, पण खडकवासल्याला काय फरक पडतो. उलट उजवीकडे फायदा आहे, पुढची चेन मागच्या बीबीला पुढे ओढते, मागची मागे, बेअरिंगवरचा भार थोडा कटतो. डावीकडे असली की पुढच्याचा सगळा जोर मागच्या बीबीच्या दांड्यातून पलीकडे जातो.

प्रश्नवाला: भारी, उजवीकडेच करतो. दोघांचे क्रँक एकाच वेळी वर-खाली ठेवू की ९० अंशात?

तीनदा_पंक्चर: एकाच वेळी. सुरुवात करताना दोघांचा पाय एकदमच वर हवा. आणि पॅडल थांबवायच्या आधी "थांबतोय" म्हणून ओरड, त्याला बिचाऱ्याला कळणार कसं, पाय तर चेनला बांधलेले.