बाबांचा पेट स्कॅन बुधवारी आहे, तयारी काय करायची?

मानेवाडा_४७:
बाबा ६७ वर्षांचे, १० वर्षांपासून शुगर. लिम्फोमा (लसिकागाठींचा कॅन्सर) निघालाय. केमोच्या आधी डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितला. रामदासपेठेत बुधवारी सकाळची वेळ मिळाली. मागच्याच महिन्यात सीटी झाला, आता हा कशाला, असं बाबा विचारून राहिले. कुणाच्या घरी झाला असेल तर सांगा.

सावनेरची_सून:
दादा, माझ्या सासूबाईंचा दोनदा झाला. गाठ कुठे, केवढी, ते सीटीत दिसतं. ती किती जोरात वाढतेय, आणखी कुठे पसरली का, ते पेटमध्ये जास्त कळतं. शिरेतून एफडीजी देतात, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेलं ग्लुकोज. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात. हे पचवता येत नाही, म्हणून आतच साचतं आणि ती जागा उजळते.

म्हणून शुगरला फार जपा. रक्तातच साखर जास्त असली तर हे औषध पेशीत पुरेसं जात नाही. आम्हाला एका सेंटरवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आईंनी उपाशी राहायचं म्हणून गोळी घेतली नाही, पण पहाटे साखरेचा चहा घेतला. बोटाला टोचलं तर २४६. परत पाठवलं. पहाटे ५ला घरून निघालेली म्हातारी, बाकावर बसून रडली हो. साधारण २००च्या खाली लागते. ६ तास पोटात काही नको, साधं पाणी चालतं.

पेट_टेक्निशियन:
ताईंचं बरोबर आहे. गोळ्या-इन्सुलिन मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने आतडी उजळतात आणि ऐनवेळी घेतलेलं इन्सुलिन एफडीजी स्नायूंत ओढून नेतं, त्यामुळे आजच डॉक्टरांना विचारा.

वेळ चुकवू नका. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, डोस तुमच्या वेळेच्या हिशोबाने मागवलेला असतो. आदल्या दिवशी मॉर्निंग वॉक नको. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, मोबाइलवरही बोलायचं नाही. बाबा खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असतील तर त्या दिवशी अजिबात नको, चघळलं की जबड्याचे स्नायू उजळतात. शाल आणा, थंडी वाजली की मानेजवळची चरबी उजळते आणि तिथल्या गाठी ओळखणं कठीण होतं.

मानेवाडा_४७:
बाबांना २००३ साली टीबी झाला होता, मानेत गाठी होत्या. सांगायला हवं का?

पेट_टेक्निशियन:
नक्की सांगा! टीबीच्या गाठी, जंतुसंसर्ग, नुकतीच घेतलेली लस, सगळं उजळू शकतं. जुनी फाइल घेऊन या. उजळलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, शंका आली तर बायोप्सी करतात, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात.

मानेवाडा_४७:
फाइल माळ्यावर आहे, आजच काढतो. घरी बहिणीचं ४ महिन्यांचं बाळ आहे.

सावनेरची_सून:
औषध किरणोत्सारी असतं, म्हणून त्या दिवशी रात्रीपर्यंत बाळाला बाबांच्या मांडीवर देऊ नका, आणि त्यांना पाणी भरपूर पाजा. रिपोर्टसोबत सीडीही मागून घ्या. आईंचा २ केमोनंतर पुन्हा झाला, तेव्हा डॉक्टरांनी आधी जुनी सीडीच मागितली. दुसरा स्कॅनही शक्यतो त्याच मशीनवर करा. बुधवारी काय झालं ते इथे नक्की कळवा, वाट पाहते.