मदत हवी आहे : काकांच्या एचिंग्जना बुरशी लागली आहे

नमस्कार मंडळी. नौपाड्यातलं आमचं घर रिडेव्हलपमेंटला चाललंय. माळा आवरताना काकांची ट्रंक निघाली. काका जेजेत शिकले, पोटासाठी शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले आणि रात्री जस्ताच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढत बसायचे. ट्रंकेत बावीस एचिंग्ज, म्हणजे अशा पत्र्यांवरून शाईने कागदावर छापलेली चित्रं आहेत. कोपऱ्यात पेन्सिलीने ३/१५, म्हणजे पंधरा प्रतींतली तिसरी. जस्ताचे चार पत्रेही आहेत. एकावर आडवीतिडवी फुली कोरलीये, पुन्हा कुणी छापू नये म्हणून.

कागदावर तपकिरी ठिपके पडलेत. फ्रेमवाला म्हणतो, लॅमिनेट करा! (हात जोडले.) ठाणे-नवी मुंबईत कागदाचं जतन करणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? आणि उरलेले तीन पत्रे छापून बघायला एचिंग प्रेस कुठे मिळेल?