चिखल फासला की रॉबिन हूड खरा होतो का?

बाभूळबन
परवा इथल्याच एका पोस्टला उत्तर द्यायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. पोस्ट थोडक्यात अशी: १९३८ चा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक. तंग हिरव्या विजारी आणि कमरेवर हात ठेवून खदाखदा हसणारा एरल फ्लिन. 'खरा' रॉबिन बघायचा तर रिडली स्कॉटचा चिखलात माखलेला २०१० चा बघा.

खरा म्हणजे कुठला हो? जुन्या गाण्यांमधला रॉबिन सरदारबिरदार नव्हता, त्याला उमराव केलं १५९८ च्या नाटकांनी. त्याची प्रेयसी मॅरियन नंतर येऊन चिकटली. सॅक्सन (मूळचे इंग्रज) विरुद्ध नॉर्मन (फ्रान्सहून आलेले राज्यकर्ते) हे भांडण वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीची देणगी. सगळंच रचलेलं असताना तोंडाला चिखल फासून कसला खरेपणा येतो?

त्यापेक्षा फ्लिनची एंट्री बघा. भरल्या दरबारात खांद्यावर मेलेलं हरीण टाकून येतो आणि ते प्रिन्स जॉनच्या, म्हणजे परदेशात कैदेत पडलेल्या रिचर्ड राजाच्या भावाच्या पुढ्यात टेबलावर आपटतो. राजाच्या जंगलातलं हरीण मारणं हाच गुन्हा, आणि हा पुरावा घेऊन जेवायला हजर! क्लॉड रेन्सचा जॉन चिडत नाही, त्याला गंमत वाटते. हे चिखलात जमत नाही.

खडूस_काका
हरीण वगैरे ठीक. शेवटी रिचर्ड झगा बाजूला करून राजा म्हणून उभा राहतो आणि सगळे पटापट गुडघे टेकतात, तिथे माझं डोकं फिरतं.

सिनेमात काय दाखवलंय? रिचर्डच्या खंडणीच्या नावाखाली जॉन लोकांना पिळतो आणि पैसा गिळतो. प्रत्यक्षात ती खंडणी खरोखरच गोळा केली होती, आणि ती रिचर्डच्या आईने आणि त्याच्याच माणसांनी! उत्पन्नाचा नि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा. चर्चमधली चांदी नेली, सिस्टर्शियन मठांची वर्षाची लोकर नेली. मागणी १,५०,००० मार्कांची, त्यातले १,००,००० भरल्यावर फेब्रुवारी ११९४ मध्ये स्वारी सुटली. मे महिन्यात हा पुन्हा फ्रान्सला, तो परत आलाच नाही. दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने. रॉबिनने लुटायचं तर ह्यालाच लुटायला हवं होतं.

आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी म्हणून घरटी पंधरा हजार घेतले. तीन वर्षं झाली. लिफ्ट तीच, दरवाजा पायाने ढकलावा लागतो. हिशोब मागितला तर मीच वाईट.

बाभूळबन
काका, लिफ्टचा इथे काय संबंध?

दुसरा_मजला
संबंध आहे! आमच्याकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दोनदा घेतले. काका म्हणतात ते शंभर टक्के. राजा चांगला, मधले अधिकारी वाईट, ही गोष्ट आठशे वर्षं विकली जातेय.

खडूस_काका
धन्यवाद. कुणीतरी वाचतंय.

ट्रेंटकाठची
रॉबिनच्या गोष्टीतल्या नॉटिंगहॅममध्ये अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून बोलते. भारतातून पाहुणे आले की आधी 'तो किल्ला' बघायचा असतो. टेकडीवर गेलं की दिसतो सतराव्या शतकातला चौकोनी वाडा. मध्ययुगातला किल्ला केव्हाच पाडलाय. खाली रॉबिनचा पुतळा आहे, त्याचा बाण लोक पुनःपुन्हा चोरून नेतात. लुटारूलाच लुटायचं, हे मात्र इथल्या लोकांनी मनावर घेतलंय.

आणि त्या सिनेमातलं 'शेरवूड', म्हणजे रॉबिनचं जंगल, कॅलिफोर्नियातल्या चिको गावचं बिडवेल पार्क आहे. तिथला हूकर ओक म्हणून अवाढव्य ओक सिनेमात दिसतो, तो १९७७ मध्ये पडला. आमच्या खऱ्या शेरवूडमधल्या, एडविनस्टो गावाजवळच्या मेजर ओकला टेकू देऊन जपलंय. तेव्हा खरं-खोटं करू नका, दोन्हीकडची झाडं म्हातारीच.

पॅरी_रिपोस्ट
झाडं सोडा, शेवटच्या तलवारबाजीवर या. कॉलेजात तीन वर्षं फॉइल (तलवारबाजीचा एक प्रकार) खेळलोय. त्या मारामारीत दोघंही एकमेकांच्या अंगावर वार करतच नाहीत, समोरच्याच्या तलवारीवर करतात. टणाटण आवाज यावा म्हणून. खलनायक सर गाय झालेला बॅझिल रॅथबोन फ्लिनपेक्षा कितीतरी सरस तलवारबाज होता, तरी प्रत्येक वेळी मरायचं त्यानेच.

पहिल्या जिल्हा स्पर्धेत मीही तसाच डावा हात हवेत उडवत उड्या मारत गेलो. समोर एक चष्मेवाला शांत मुलगा. ५-० हरलो. सरांनी विचारलं, "कुठल्या पिक्चरमधून शिकून आलास?"

बाभूळबन
मग राग सिनेमावर कशाला काढताय, सरांवर काढा! ते दोघं लढत लढत चौकटीबाहेर जातात आणि खांबावर नुसत्या प्रचंड सावल्या लढत राहतात, ते बघताना पॅरी-रिपोस्ट (वार अडवून उलट वार) आठवत असेल तर तुम्हाला सिनेमा बघायला सोबत नेऊ नये.

पॅरी_रिपोस्ट
सावल्या मान्य. सावल्यांना नियम लागू नाहीत.

रीळवाला
विजारींना हसणाऱ्यांसाठी. थ्री-स्ट्रिप टेक्निकलर म्हणजे एकाच वेळी तीन फिल्मा फिरवणारा कपाटाएवढा कॅमेरा आणि त्याला लागणारा रणरणता उजेड. वॉर्नर ब्रदर्सने तोवर एवढा खर्च कुठल्याच सिनेमावर केला नव्हता, २० लाख डॉलर. त्या पैशात राखाडी विजार कोण घालेल?

शांतता_हवी
रंग छान, पण ते संगीत थांबतच नाही. मिनिटभर कुणी गप्प बसलं की लगेच तुताऱ्या.

रीळवाला
तुताऱ्यांवर येऊ नका. संगीतकार कॉर्नगोल्ड व्हिएन्नाचा ज्यू. सिनेमा पाहून त्याने आधी चक्क नकार कळवला होता: हा मारामारीचा सिनेमा, माझं काम नाही. हे फेब्रुवारी १९३८ मधलं. तेवढ्यात ऑस्ट्रियातून वाईट बातम्या यायला लागल्या आणि त्याने काम घेतलं, तेही आठवड्याच्या बोलीवर. मार्चमध्ये हिटलर ऑस्ट्रियात शिरला, कॉर्नगोल्डचं घर जप्त झालं. ह्या सिनेमानेच माझा जीव वाचवला, असं तो पुढे म्हणायचा. वर ऑस्कर मिळालं ते वेगळंच. आता ऐका त्या तुताऱ्या.

शांतता_हवी
हे माहीत नव्हतं. तरीही जास्तच वाजतात. पण वाजू देत.

खडूस_काका
म्हणजे बघा, खरा जुलमी राजा बाहेर बसलेला असताना हे लोक रिचर्डसमोर गुडघे टेकतायत!

बाभूळबन
काका, तुमचा रिचर्ड, तुमची लिफ्ट, तुमचं वय, सगळ्याचा आदर ठेवून सांगतो, हा माझा धागा आहे.

खडूस_काका
वय काढायचं काम नाही. धागा विकत घेतलाय का?

मोठी_वहिनी
भांडू नका, माझी गंमत ऐका. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मामाने व्हीसीआर आणि हीच कॅसेट भाड्याने आणली. विजार राखाडी, जंगल राखाडी, मॅरियनचे झगे राखाडी. तरी लहान भावाने आईच्या लोकरीच्या सुया घेऊन महिनाभर घर डोक्यावर घेतलं. पुढे त्याच्या लग्नानंतर त्याच्याकडे रंगीत पाहिला, तेव्हा तो वीस मिनिटं काही बोलेना. मग म्हणाला, "ताई, हिरवा होता गं तो."

बाभूळबन
वहिनी, एवढं एकच वाक्य मी वर लिहायला हवं होतं.

दुसरा_मजला
मॅरियनचा घोडा तरी कुठल्या रंगाचा होता?

रीळवाला
सोनेरी. तोच पुढे रॉय रॉजर्सचा ट्रिगर झाला.

खडूस_काका
काल नातवाबरोबर पुन्हा पाहिला. रिचर्ड आल्यावर चहा टाकायला उठलो. बाकीचा बरा आहे, म्हणजे हरणापासून सावल्यांपर्यंत. त्यापुढे मी जबाबदार नाही.

बाभूळबन
नातू काय म्हणाला?

खडूस_काका
सकाळी लिफ्टचा दरवाजा ढकलताना चेअरमन भेटले. त्यांना म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर गाय."