हळू धावायला गेले की चाल बिघडते. वेग कसा आवरावा?

माझे वय ४२ असून मी तीन महिन्यांपूर्वी धावायला सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस जातो. न थांबता पाच किलोमीटर धावता यावे, एवढीच इच्छा आहे. शर्यतीत उतरायचे नाही. पहिला किलोमीटर संपून मनगटावरचे घड्याळ थरथरते, तेव्हा त्यावर सहा मिनिटे दहा सेकंद दिसतात आणि मी मनातल्या मनात खूश होतो. दुसऱ्याला साडेसात मिनिटे लागतात, आणि तिसरा बहुतेक वेळा कमरेवर हात ठेवून चालतच पुरा होतो.

सुरुवातीला मी हा दम कमी असल्याचा प्रकार समजून आणखी जोर लावला. परिणामी नडगीची आतली बाजू दुखू लागली आणि दहा दिवस घरी बसावे लागले. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, परंतु हाडे आणि कंडरा यांना कित्येक महिने लागतात, म्हणून नवशिक्याने सलग बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, हे त्यानंतर वाचले आणि पटलेही.

पटले तरी जमत नाही. किलोमीटरला साडेआठ मिनिटांपर्यंत वेग उतरवला की ते धड धावणे राहत नाही आणि धड चालणेही होत नाही. पावले आपटतात, कंबर मागे राहते, आणि वेगाने धावण्यापेक्षा जास्त थकवा येतो. त्यातच कोणी झपझप चालत माझ्या पुढे निघून गेले की लाज वाटते आणि पाय आपोआप वेग घेतात.

दुसरा गोंधळ हृदयाच्या ठोक्यांचा आहे. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, हे काढायला २२० मधून वय वजा केले की माझे १७८ येतात, आणि हळू धावण्यासाठी त्याचे सत्तर टक्के म्हणजे साधारण १२५. माझे घड्याळ मात्र तीन मिनिटांतच १६५ वर जाते आणि मी हळू झालो तरी आकडा तिथेच चिकटून राहतो. १२५ पाळायचे तर मला चालावेच लागेल. मग आकडा पाहावा की श्वास? आणि मध्ये मध्ये चालणे हा सराव धरावा का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी घड्याळाकडे पाहू. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १७० पावले पडतात, आणि मनगटावरचे घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लयच पकडते. तुमचा आकडा न हलण्याचे कारण तेच असावे. थांबल्याबरोबर मानेवर हलकेच दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. शिवाय २२० वजा वय ही सरासरी आहे. एखाद्याच्या बाबतीत ती दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. त्यामुळे सध्या श्वासालाच प्रमाण माना. मी धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणत असे. 'सतरा चोक अडुसष्ट' एका दमात निघाले नाही, तर वेग जास्त आहे असे खुशाल समजावे. (लोक वळून पाहतात, ते सोडा.)

चाल बिघडण्याचे कारण वेगळे आहे. ताशी सात किलोमीटरच्या आसपास माणूस आपणहून चालण्यावरून धावण्यावर जातो, आणि साडेआठ मिनिटांचा वेग म्हणजे नेमका तोच उंबरठा. तिथे अवघडल्यासारखे होणारच. तुम्ही बहुधा पावलांची गती कमी करत असाल. ती तशीच ठेवा, पाऊल मात्र आखूड टाका, इतके की ते शरीराच्या खालीच पडेल. पहिले काही दिवस जागच्या जागी धावून हळूच पुढे सरकायला लागा, म्हणजे अंदाज येईल.

चालण्याची लाज मुळीच बाळगू नका. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या अमेरिकेच्या जेफ गॅलोवे यांची सारी पद्धतच धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्यावर उभी आहे. फक्त दम लागल्यावर चालू नका, तो लागण्याआधीच चाला. दोन मिनिटे धाव, एक मिनिट चाल, आणि तेही पहिल्या मिनिटापासून. नडगी पुन्हा दुखली, विशेषतः हाडावर एकाच जागी, तर मात्र धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे केले. मानेवर मोजले तेव्हा ३६ ठोके भरले, म्हणजे १४४. त्याच क्षणी घड्याळ १६६ दाखवत होते! आखूड पावलांनी आपटणे थांबले. काल ४२ मिनिटांत साडेचार किलोमीटर झाले आणि घरी आल्यावर जिना चढताना पाय जड वाटले नाहीत. एक शंका उरली आहे. वेग आणि श्वास तसेच असूनही शेवटच्या दहा मिनिटांत मानेवरचे ठोके १५२ पर्यंत जातात. हे चालायचेच का?

प्रतिसाद २

हो. घाम जातो, अंग तापते, त्वचेकडे जास्त रक्त वळते, त्यामुळे तेच काम करायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. उन्हात आणि दमट हवेत हा फरक आणखी वाढेल. त्या दिवशी किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त लागला तरी लागू द्यावा.